कारल्यावरची फळमाशी आणि नसबंदी केलेल्या माश्या, हे खरं आहे का? आपल्याकडं जमेल का?

मांडववाला_मोहोळ

नमस्कार मंडळी, मोहोळ तालुक्यातनं लिहितोय. ३० गुंठे कारली आहे, तारेचा मांडव, ठिबक, मल्चिंग सगळं केलेलं. पहिले चार तोडे झकास गेले, पाचव्यापासनं फळमाशीनं वाट लावली. आज सकाळी ११ क्रेट निघाले त्यातले ४ बाजूला काढावे लागले, सगळी वाकडी, एका अंगानं पिवळी पडलेली, जिथं डंक बसला तिथं डिंकासारखा थेंब वाळलेला. एक फोडून बघितलं तर आत पांढऱ्या अळ्या, आणि त्या नुसत्या सरपटत नाहीत ओ, अंग वाकवून टणकन उडी मारतात, पोरगी घाबरून मागं सरकली. मार्केट यार्डात अडत्यानं क्रेटमधे खोल हात घालून तळातलं एक कारलं वर काढलं आणि दर निम्म्यावर आला. त्याला तरी काय बोलणार.

क्यू ल्युरचे, म्हणजे वासानं माशी ओढणारे सापळे आहेत, ८ लावलेत. दर आठवड्याला डब्यात मूठमूठभर माश्या मरून पडलेल्या असतात. एवढ्या मरूनही डंक कमी का होईना हेच मला कळंना झालंय. चार दिवसाआड फवारणी चालूय, आणि कारल्याचा तोडा दोन-तीन दिवसाला, मग फवारायचं कधी आणि तोडायचं कधी. खरं सांगतो, घरी खायला मी आमच्या प्लॉटमधलं आणत नाही. हे लिहायला लाज वाटते.

परवा मेव्हण्यानं पुण्यासनं एक व्हिडिओ पाठवला. परदेशात कारखान्यात माश्या तयार करतात, त्यांना रेडिएशन देऊन वांझ करतात आणि विमानातनं शेतावर सोडतात, आणि म्हणे कीडच संपती. माश्यांनी हैराण झालेल्या माणसानं आणखी माश्या सोडायच्या हे डोक्यात बसंना. कुणाला नीट माहिती असली तर सांगा. हे मिळतं का, किती पैसे लागतात, आणि रेडिएशनवाली माशी फळावर बसली तर ते फळ खायला चालतं का?

कीटकांचा_मास्तर

दादा, राहुरीला कीटकशास्त्र शिकलोय, आता शिकवतो, त्यामुळं थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. तुमचा सापळ्याचा प्रश्न आधी घेतो कारण उत्तर तिथंच आहे.

क्यू ल्युरच्या वासाला फक्त नर येतात. डब्यातली मूठभर माशी म्हणजे सगळे नर, डंक मारणारी मादी तुमच्या सापळ्याकडं ढुंकून बघत नाही. आणि एक नर आयुष्यात बऱ्याच माद्यांशी जुळतो. १०० तले ८० नर मेले तरी उरलेले २० नर सगळ्या माद्यांना पुरून उरतात, त्यामुळं जवळजवळ सगळे नर उचलले जाईपर्यंत मादीला काही फरक पडत नाही. त्यात शेजारच्या शिवारात आधीच जुळलेली मादी उडून आली तर तिला तुमच्या नरांची गरजच नाही, ती येते आणि थेट कोवळ्या फळात अंडी घालते.

आता वांझ नराची कल्पना बरोबर याच्या उलटी आहे. नर काढून टाकण्याऐवजी शिवार नरांनी भरून टाकायचं, पण असे नर की ज्यांच्या बीजात दम नाही. मादी त्याच्याशी जुळते, अंडी घालते, अंडी फुटत नाहीत.

हिशोब मांडून दाखवतो, वहीवर करून बघा. समजा शिवारात १००० माद्या आहेत, तेवढेच नर, आणि आपण दर पिढीला ९००० वांझ नर सोडतो. म्हणजे १० जुळण्यांतली एकच खरी, १०० माद्यांचीच अंडी फुटणार. एकीमागं ५ माद्या वाढल्या असं धरलं तर पुढच्या पिढीत ५००. पुन्हा तेवढेच ९००० सोडले, आता प्रमाण १८ ला १ झालं, ५०० तल्या साधारण २६ माद्या खऱ्या जुळल्या, पुढं १३० च्या आसपास. तिसऱ्यांदा प्रमाण जवळजवळ ७० ला १ जातं, पुढच्या पिढीत ९-१० माद्या. चौथ्यांदा संपलं. याच जागी दर पिढीला १०० तल्या ९० मारणारं औषध धरा. १००० च्या ५००, मग २५०, मग १२५, मग ६२. औषध दर वेळी तेवढंच मारतं, आणि कीड विरळ झाली की उरलेली शोधून मारणं आणखी महाग पडतं. वांझ नर मात्र कीड जितकी विरळ तितकं जोरात काम करतात, कारण मादी शोधायचं काम नर स्वतः करतो, पानाआड, बांधावर, जिथं तुमचा पंप पोचत नाही तिथंही. हा हिशोब एडवर्ड निपलिंग या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं मांडला होता. मला स्वतःला आमच्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पण यातच अट पण आहे. ९००० नर सोडून ९ ला १ हे प्रमाण १००० माद्या असतील तरच जमतं. तुमच्या शिवारात आज लाखभर माद्या असतील तर ९००० नर कुठल्या कुठं विरून जातील. म्हणून आधी कीड दुसऱ्या उपायांनी खाली आणायची, मग वांझ नर सोडायचे.

आणि हे तुमच्याच माशीवर झालेलं आहे, म्हणजे वेलवर्गीय फळमाशीवर, जपानच्या ओकिनावा बेटांवर. तिथं कारलं म्हणजे रोजचं जेवण, त्याला गोया म्हणतात. पण या माशीमुळं तिथलं ताजं कारलं जपानच्या मुख्य भागात न्यायला बंदी होती. १९७२ ला कुमे नावाच्या छोट्या बेटावर काम सुरू केलं, आधी क्यू ल्युरनं नर कमी केले, मग वांझ माश्या सोडल्या, १९७८ ला ते बेट मोकळं झालं. मग एकेक बेट घेत घेत १९९३ ला सगळा ओकिनावा मोकळा. एकूण ५३०० कोटी माश्या सोडल्या. आणि नंतरही बाहेरनं माशी येऊ नये म्हणून सोडणं थांबवलं नाही.

गोठ्यातला_माणूस

मास्तर चांगलं सांगितलंत. मी शेतीतला नाही, पंढरपूर तालुक्यात १४ म्हशी आहेत, पण याची सुरवात जनावरापासनं झाली म्हणून लिहितो. आमच्या एका म्हशीचं शिंग मोडलं होतं, दोन दिवस लक्ष गेलं नाही आणि आत अळ्या पडल्या. टर्पेंटाइनचा बोळा घालून चिमट्यानं एकेक काढल्या, म्हैस थरथरायची, आणि वास असा की दुपारी जेवण गेलं नाही. आठ दिवस रोज तेच. त्या वेळी डॉक्टरांनी बसून ही गोष्ट सांगितली होती, नंतर मी पण शोधून वाचलं.

अमेरिकेत अशीच जखमेत अळ्या पाडणारी एक माशी होती, स्क्रूवर्म, जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालायची आणि अळ्या जिवंत मांस खात आत जायच्या. नवीन वासराची नाळ जरी ओली राहिली तरी तिथं. निपलिंग आणि त्यांचे सोबती रेमंड बुशलँड यांच्या लक्षात आलं की या माशीची मादी आयुष्यात एकदाच जुळते. तेवढीच एक वेळ वाया घालवली की झालं. १९५४ साली कुरासाव नावाच्या बेटावर करून बघितलं, तिथं शेळ्या भरपूर, जखमेच्या शेळ्या ठेवून त्यातली अंडी फुटतात का नाही हे मोजायचे. काही महिन्यांत फुटणारी अंडी मिळायचीच बंद झाली. १९५९ पर्यंत फ्लोरिडा मोकळा, १९९१ ला मेक्सिको मोकळा. दोघांना १९९२ चा वर्ल्ड फूड प्राइज मिळाला.

लिबियात १९८८ ला हीच माशी चुकून जनावरांबरोबर पोचली तर मेक्सिकोच्या कारखान्यातनं कोष विमानानं तिकडं नेले आणि १९९२ ला ती संपवली. पण सगळं कायमचं नसतं बगा, पनामात वांझ माश्यांची भिंत उभी केली होती ती ओलांडून २०२४ च्या शेवटी ती परत मेक्सिकोत दिसली. जनावरांची ने-आण कुणी नीट तपासली नाही की अशी भिंत फुटते, हे माझं मत.

सुगरण_अक्कलकोट

मला भीती वाटते खरं सांगायचं तर. रेडिएशन दिलेली माशी माझ्या भाजीवर बसणार, तिला चिमणी खाणार, पोरं त्या शेतात खेळणार. आणि कारखान्यातनं एखाद्या दिवशी वांझ न झालेल्याच सुटल्या तर? शेतकऱ्याला कोण विचारतं, वरनं सोडून मोकळे होतील. मी कारलं विकत घेऊन खाणारी आहे, मला पण बोलायचा हक्क आहे ना.

कीटकांचा_मास्तर

ताई, हक्क आहेच, आणि हे प्रश्न आधीच विचारले गेले पाहिजेत. एकेक घेतो.

छातीचा एक्सरे काढून आलेला माणूस घरी येऊन बाकीच्यांना किरण देत नाही, तसंच हे. कोबाल्टच्या स्रोतासमोर कोष ठराविक वेळ ठेवतात, गॅमा किरण आरपार जातात, बीजातल्या गुणसूत्रांचे तुकडे होतात, कोष बाहेर काढला की त्यात काही शिल्लक राहत नाही. ओकिनावात कारल्याच्या माशीच्या कोषाला ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप) एवढी मात्रा द्यायचे. आणि आपण २००७ पासनं जो हापूस अमेरिकेला पाठवतो त्याला ४०० ग्रे मात्रा देतात, सुरवात नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातनं झाली. तिथंही मुख्य हेतू हाच, आंब्यात लपलेली कीड असलीच तर तिची पुढं पिढी होऊ नये. म्हणजे फळमाशीला वांझ करायची विद्या आपल्याच राज्यात वापरात आहे, फक्त तिथं माशी फळाच्या आत असते आणि फळासकट किरण देतात.

वांझ न झालेल्या सुटल्या तर, हा प्रश्न बरोबर जागी आहे. म्हणून प्रत्येक खेपेतले थोडे कोष बाजूला ठेवून तपासतात, आणि सोडलेल्या माशीला चमकणारी रंगीत पावडर लावतात, सापळ्यात सापडली की दिव्याखाली कळतं आपली का रानातली. शिवाय नर-मादी दोन्ही सोडल्या तर वांझ मादी पण फळाला टोचू शकते, अंडं नाही फुटलं तरी डाग पडतो. मेडफ्लाय नावाच्या माशीत यावर असा वाण तयार केलाय की अंडी ठराविक उष्णतेत ठेवली की मादीची मरतात आणि फक्त नर उरतात.

लोकांना न विचारता केलं तर काय होतं ते आपल्या देशानं बघितलंय. १९७० ते ७५ दिल्लीत डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआरचं डासांवर असंच काम चालू होतं, वांझ नर डास सोडायचे. नर डास चावत नाही, पण लोकांना नीट सांगितलं गेलं नाही, पेपरात जैविक युद्धाचा संशय आला, संसदेत गेलं आणि १९७५ ला सगळं बंद. एक चांगलं काम नुसतं न बोलल्यामुळं मेलं असं मला आजही वाटतं. तुमच्यासारख्यांना आधी बसवून सांगितलं असतं तर तसं झालं नसतं.

बार्शीकर_पांढरं_सोनं

कापूसवाल्यांनी पण कान द्या इकडं. माझी बहीण परभणीकडं दिली आहे, २०१७ ला तिच्या घरी मी वेचणीच्या वेळेला गेलो होतो, बोंड वरनं टवटवीत, दाबलं की आत गुलाबी अळी आणि कवडी कापूस. बीटी असून, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेलं वाण असून. दाजी बांधावर बसून एकेक बोंड फोडत होते आणि काहीच बोलत नव्हते, ते चित्र डोळ्यासमोरनं जात नाही.

हीच गुलाबी बोंडअळी अमेरिकेनं २०१८ साली संपली असं जाहीर केलं. तिथं पण बीटी कापूसच होता. पण नुसत्या बीटीवर राहिले नाहीत, विमानातनं अब्जावधी वांझ पतंग सोडले, कामगंध, म्हणजे नराला चकवणारा मादीचा वास वापरला, आणि पीक संपलं की पऱ्हाटी उपटून नांगरून टाकायची हे बंधनकारक केलं. बीटीला दाद न देणारी एखादी अळी वाचलीच तर तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून वांझच मिळायचा, मग प्रतिकारशक्ती पुढं सरकणार कशी. पतंग ओळखायला अळीच्या खाद्यातच लाल रंग घालायचे, त्यामुळं पतंग चिरडला की आतनं लाल निघायचा. आपल्याकडं फरदड ठेवायची सवय, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पाणी देऊन कापूस उभा, अळीला बारा महिने घर. ते आधी बंद होत नाही तोवर वांझ पतंग आणून काय करणार?

कीटकांचा_मास्तर

फरदडीचं अगदी नेमकं बोललात. एक भर घालतो, पतंगवर्गातल्या किडींना पूर्ण वांझ करायला मात्रा फार लागते आणि तेवढी दिली की पतंग दुबळा होतो, त्याला मादी मिळत नाही. म्हणून मात्रा जरा कमी देतात, पतंग तगडा राहतो आणि वांझपणा पुढच्या पिढीत जास्त उतरतो.

मांडववाले दादा, आता तुमच्या पैशाच्या प्रश्नाकडं. ही दुकानात मिळणारी वस्तू नाही, पाकीट आणून एकट्याच्या ३० गुंठ्यात सोडता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं नारळावरच्या सोंड्या भुंग्यावर असं काम केलेलं आहे, पण कारल्याच्या माशीचा कारखाना काढून तालुकाभर सोडायचं तर ते सरकार आणि सगळे शेतकरी मिळून करायचं काम, एका शेतकऱ्याच्या खिशातलं नाही. आणि माशीला तुमचा सातबारा माहीत नसतो, एक शेजारी बाहेर राहिला तरी जुळलेली मादी तिथनं येणार.

पण ओकिनावानं जे आधी केलं, म्हणजे कीड खाली आणणं, ते तुम्ही उद्यापासनं करू शकता. मला एवढंच सांगा, तुमच्या आसपास ५००-७०० मीटरमधे जुना सोडून दिलेला काकडी, दोडका, कारलं, भोपळा, कलिंगड असला कुठला प्लॉट आहे का? आणि ती बाजूला काढलेली ४ क्रेट कारली कुठं टाकलीत?

मांडववाला_मोहोळ

मास्तर तुमचं वाचून मी गप बसलो. ती ४ क्रेट मी बांधावरच्या लिंबाखाली ओतली होती, मांडवापासनं २० पावलावर. आणि वरच्या अंगाला चुलतभावाचा दोडक्याचा प्लॉट आहे, दर पडला म्हणून महिन्यामागं त्यानं तोडा बंद केला, वेल तसेच उभे, दोडके पिकून लोंबलालेत. काल संध्याकाळी तिथं गेलो, लिंबाखालची माती खुरप्यानं दोन-तीन बोटं उकरली तर गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस कोष, ओंजळभर निघाले. म्हणजे मी डब्यात मूठभर मारत होतो आणि २० पावलावर ओंजळीनं पेरत होतो.

कीटकांचा_मास्तर

असं बहुतेक शेतात दिसतं दादा, तुम्ही उकरून बघितलंत हे महत्त्वाचं. किडकं फळ एकही जमिनीवर राहू देऊ नका, वेलीवरचं पण तोडा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधून उन्हात दोन आठवडे ठेवा, आतल्या आत मरतात. खड्ड्यात पुरायचं तर दोन फूट तरी माती वर पाहिजे, वरवर झाकलं तर माशी माती पोखरून बाहेर येते. लिंबाखालची माती चांगली खोल उलथून उन्हात तापू द्या, त्यावर कोंबड्या सोडता आल्या तर फार उत्तम.

दुसरं, ही माशी रात्री कारल्यात राहत नाही. दिवसा डंक मारायला येते आणि बाकी वेळ बांधावरच्या उंच पिकात बसते, मका तिला फार आवडतो. तुमच्या बाजूला मका असेल तर विषारी आमिष त्या मक्याच्या पानांवर ठिपक्या-ठिपक्यांनी मारा, कारल्यावर मारायची गरज कमी होईल. मादीला अंडी पिकवायला प्रथिनं लागतात म्हणून ती आमिषावर येते, आणि इथं सापळ्यासारखी फक्त नरांची अट नाही. औषध कुठलं घ्यायचं ते लेबल बघून आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच, अंदाजानं नको. सापळे काढू नका, ते आता मोजायला वापरा.

सुगरण_अक्कलकोट

कोंबड्यांचं आमच्या सासूबाई पण सांगायच्या, बागेत सडकी फळं पडली की आधी कोंबड्या सोडायच्या मग झाडून काढायचं. दादा तुमच्या चुलतभावाला समजावलं का? तो तयार होतो का बघा, नाहीतर सगळं वाया.

मांडववाला_मोहोळ

झालं ताई. आधी तो म्हणाला माझा प्लॉट संपला, तुझ्या कारल्याशी मला काय करायचंय. मग मी त्याला एक दोडका फोडून दाखवला आणि त्याचं पुढच्या महिन्यात कलिंगड लावायचं ठरलंय त्याची आठवण करून दिली. आज सकाळी चौघं मिळून वेल उपटले, ९ पोती दोडके भरले, पिशव्या बांधून त्याच्या पत्र्याच्या शेडवर टाकल्यात. लिंबाखाली कोंबड्या सोडल्या, दुपारपर्यंत हलल्या नाहीत तिथनं. खालच्या अंगाला दोघांची काकडी आहे, त्यांना रविवारी मंदिरात बोलावलंय, मास्तरांचा १००० माद्यांचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवणार आहे.

सगळे सापळे आज रिकामे करून धुऊन परत लावले. पुढच्या गुरुवारी मोजून आकडा इथं टाकतो. एक राहिलं, बांधावर तोंडल्याचा जुना वेल आहे, आईनं लावलेला, तो पण काढावा लागेल का?

कीटकांचा_मास्तर

आईचा वेल ठेवा. दर दोन दिवसाला तोंडली कोवळी असतानाच तोडत जा, एकही पिकू देऊ नका, आणि एक सापळा त्याच्या शेजारीच टांगा. त्या सापळ्याचा आकडा वेगळा लिहा.